सांगणारी आणि ऐकणारी

लातूर, २२ जून

आरती,

'प्रिय' लिहिणार नाही. तू स्टँडवर आली असतीस तर लिहिलं असतं. बस सुटेपर्यंत मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. कंडक्टर ओरडला तेव्हा आत घेतली. अम्मी म्हणाली, काम असेल तिला. तुला कसलं काम गं? अब्बांच्या शिलाईच्या दुकानापासून उमरीचा स्टँड हाकेच्या अंतरावर. हातातली सुई खाली ठेवून आली असतीस तर कुणाचा सदरा अडला असता?

असो. मी रागावून लिहीत नाहीये. मी मजेत आहे एवढंच कळवते.

इथं मोबाईल पहिल्याच दिवशी जमा केले. रविवारी दुपारी हॉस्टेलच्या फोनवरून घरी दहा मिनिटं बोलायला मिळतं, तेही रजिस्टरात लिहिलेल्या एकाच नंबरवर. माझ्या नावापुढे अब्बांचा नंबर आहे. म्हणून हे पत्र. हसू नकोस, इथं सगळ्याच पोरी लिहितात, खालच्या झेरॉक्सवाल्याकडे पाकिटं मिळतात.

शाळा, शाळेनंतर क्लास, क्लासनंतर अभ्यासिका. अभ्यासिकेत प्रत्येकीला एक कप्पा, तिन्ही बाजूंनी प्लायवूड. शेजारची शिंकली तरी दिसत नाही, नुसती ऐकू येते. बोलायला बंदी. सरजाबाई म्हणून हॉस्टेलच्या बाई आहेत, त्यांना ओठ हललेलेही चालत नाहीत. काल मी वाचता वाचता पुटपुटत होते, तर मागं येऊन उभ्या. "काय पुटपुटून राहिलीस गं? डोळ्यानं वाच. तोंडानं वाचाया तू काय पयलीत हाईस का?"

तुला एक सांगते, तेव्हा सांगितलं नव्हतं. मला इथं पाठवताना अब्बा म्हणाले, "उमरीत तुझा वेळ जातो." म्हणजे तुझ्यामुळे जातो. रोज शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या बाजूला तू तुरपाई करत बसायचीस, पुस्तक तुझ्या मांडीवर, आणि मी तोंडानं धडा सांगायचे. तू मधेच म्हणायचीस, "म्हंजे?" मी परत सांगायचे. दुसऱ्या दिवशी तू सगळं विसरून यायचीस, मी परत पहिल्यापासून. अब्बा मशीनवरून बघायचे. त्यांना वाटायचं, पोरीचा घसा कोरडा पडतो आणि आरतीच्या डोक्यात काही शिरत नाही. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

इथं माझं एक मिनिटही कुणी घेत नाही. दहावी आहे. आता बघ माझे मार्क.

पत्ता मागं लिहिला आहे. उत्तर द्यायचं असलं तर दे, नसलं तर राहू दे.

इकरा


लातूर, २० जुलै

आरती,

महिना झाला. तुझा हात मोडलाय का? रविवारी अब्बांना विचारलं, आरती कशी आहे, तर म्हणाले, "बरी असेल," आणि जेवलीस का ते विचारायला लागले. बरी असेल म्हणजे काय? रोज दुकानात येते ना ती?

पहिली चाचणी झाली. बरी गेली.

माझ्या शेजारच्या कप्प्यात उज्वला आहे, जळकोटची. तिच्या वह्या बघशील तर लग्नाची पत्रिका वाटेल. मथळे लाल, व्याख्या हिरव्या, चौकटी जांभळ्या. पुस्तकातलं सगळं ती वहीत उतरवते. मी तेवढी कष्टाळू नाही, मी पिवळा मार्कर घेतला. महत्त्वाची ओळ दिसली की पिवळी करायची. पण आरती, कुठली ओळ बिनमहत्त्वाची ते मला कळेना, म्हणून सगळंच पान पिवळं झालंय. विज्ञानाच्या पुस्तकाला कावीळ झाली असं उज्वला म्हणते.

वाचते मात्र खूप. एकेक धडा तीनतीनदा. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि छान वाटतं.

तुला उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस, पण मी तुला धडा सांगितल्याशिवाय राहणार नाही. सवय आहे, जाता जात नाही. उष्णतेचा धडा. पुस्तक मिटून लिहितेय, चुकलं तर तू उघडून बघ. तुम्ही चुलीवर पाणी ठेवता. पाणी तापतं, तापमान वाढत जातं. उकळी फुटली की शंभर अंश. आता खाली कितीही जाळ घाल, लाकडं कोंब, फुंकणीनं फुंकून डोळे लाल कर, पाणी शंभराच्या वर जात नाही. सगळं पाणी वाफ होऊन उडेपर्यंत शंभरच. ह्या वेळी जी उष्णता पाण्यात जाते पण तापमापीत दिसत नाही, तिला अप्रकट उष्मा म्हणतात. बर्फाचंही तसंच, वितळून संपेपर्यंत शून्यच.

इथं तू 'म्हंजे?' म्हणाली असतीस. मी गप्प बसले असते, मग चिडून परत सांगितलं असतं. नशीब, इथं तू नाहीस.

इकरा


लातूर, १७ ऑगस्ट

आरती,

चाचणी बरी गेली असं मी लिहिलं होतं ना. ती बरी गेली नव्हती. आणि दुसरीही नाही गेली.

आमच्या क्लासात मार्कांप्रमाणे बसवतात. पहिल्या तुकडीत मी दाखल झाले, परवापासून शेवटच्या तुकडीत आहे. खाली पत्र्याच्या खोलीत. दप्तर उचलून जिना उतरताना पहिल्या तुकडीतल्या पोरी माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि नियम असा आहे की दिवाळीआधीच्या परीक्षेत सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की सामान बांधायचं. क्लासला आपला निकाल चांगला दाखवायचा असतो, कच्चं भांडं ते ठेवत नाहीत. मला परत पाठवलं तर दहावीचं अर्धं वर्ष हातातून जाईल आणि उमरीत कुणाला काय सांगू? 'अजीज टेलरची हुशार पोरगी' म्हणून मिरवून बसमध्ये बसले होते मी. अम्मीनं सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. अब्बांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी दहा मिनिटं मी नुसती हसते, नाहीतर जेवणाबद्दल बोलते.

मला भीती वाटते की मी हुशार कधी नव्हतेच.

पेपरात काय होतं ते सांगते. प्रश्न वाचला की पान डोळ्यांसमोर येतं. पिवळा रंग दिसतो. ओळ डाव्या पानावर होती, खाली, आकृतीच्या शेजारी, हेही आठवतं. फक्त ओळ आठवत नाही. वाचताना सगळं ओळखीचं वाटत होतं गं. रस्त्यात रोज दिसणाऱ्या माणसाला ओळखतो आपण, पण त्याचं नाव-गाव विचारलं तर काय सांगणार?

एक गोष्ट मात्र विचित्र झाली. दुसऱ्या चाचणीत उष्णतेच्या धड्यावरचे सगळे प्रश्न बरोबर आले. सगळे. बाकी पेपर कोरडा आणि तेवढंच हिरवंगार. मी तो धडा काही जास्त वाचला नव्हता. उलट सगळ्यांत कमी. त्याचं मी काय केलं होतं तर तुला एक रागाचं पत्र लिहिलं होतं.

तू रोज विसरून यायचीस. तू विसरायचीस म्हणून मला पाठ व्हायचं. हे मला उमरीत कधीच कळलं नाही.

आरती, उत्तर दे. दोन ओळी लिही. शिव्या घाल. 'म्हंजे?' एवढंच लिहून पाकीट पाठव.

इकरा


लातूर, ७ सप्टेंबर

आरती,

नाही ना आलं तुझं पत्र. खाली रोज जाऊन बघते. सरजाबाई म्हणतात, "पोस्टमन काय तुझा नवरदेव हाय का, रोज वाट बघाया?"

सोबत धातुविज्ञान आणि गुरुत्वाकर्षण पाठवते आहे. दोन्ही पुस्तक मिटून लिहिलेत. जिथं अडले तिथं जागा सोडली आहे, मग पुस्तक बघून वेगळ्या शाईनं भरली. गुरुत्वाकर्षणात वेगळ्या शाईचंच राज्य आहे, माफ कर.

पत्र लिहायला वेळ फार जातो. म्हणून उज्वलाला म्हटलं, जेवताना मी तुला सांगते, तू मला सांग. ती म्हणाली, "मी सांगितलेलं तुला कळलं आन् तू माझ्या वर गेलीस मंग?" चुकीचं नाही बोलली ती. इथं सगळ्या एकमेकींच्या वर जायला आल्यात. मग संडासात उभी राहून दाराला इतिहास सांगितला. दार ऐकतं, पण चुकलं तर सांगत नाही.

जिवाला चैन नाही. एका जागी बसवत नाही. कप्प्यात बसले की उठावंसं वाटतं, उठले की परत बसावंसं वाटतं. परीक्षा जवळ येतेय आणि निम्मे धडे अजून पिवळेच आहेत. तुझं काय बिघडलंय ते तरी कळू दे. मी मोठ्या क्लासला आले म्हणून तुला राग आला का? तुला राग येत नाही कधी, तू रुसतेस. रुसवा इतके महिने टिकतो?

इकरा


लातूर, २९ सप्टेंबर

आरती,

मला कळलं.

काल पालकसभा होती. अब्बा आले. पावसानं रस्ता ठिकठिकाणी तुंबलेला, उमरीहून यायलाच त्यांना अर्धा दिवस लागला. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, पण शेंगाचटणीचा डबा कोरडा. सरांनी माझे मार्क सांगितले. बाहेर येऊन आम्ही जिन्यावर बसलो. आमच्या घरच्या बोलीत काय काय बोलणं झालं ते तुला मराठीत लिहिते.

मी म्हटलं, "अब्बा, मी आळस करत नाही. मला आरतीशिवाय अभ्यास येत नाही. आणि ती पत्राला उत्तर देत नाही."

अब्बा डब्याच्या झाकणाशी खेळत बसले. मग म्हणाले, "मीच तिला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हटलं, बेटी, एक साल इकराला मोकळं सोड. चिठ्ठी लिहू नको, स्टँडवर येऊ नको, तिचं मन मागं ओढेल. तिची पढाई होऊ दे. तिनं मान हलवली, सुई उशीत खोचली आणि गेली. तेव्हापासून दुकानात आली नाही."

आरती, मी किती वाईट बोलले तुला. स्टँडवर मान काढून तुला शिव्या देत होते, आणि तू घरी दिलेली जबान सांभाळत बसली होतीस. मला अब्बांचा इतका राग आला की हातातलं पुस्तक मी जिन्यावर आपटलं. त्यांच्यावर आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ.

त्यांना पटेना. "बेटा, तू तिला शिकवायचीस. ती तुला काय द्यायची?" मी म्हटलं, बसा, दाखवते. पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि भिंगांचा धडा सांगायला लागले. अब्बा मान डोलावत होते. "हां, हां, शाब्बास." मी मुद्दाम म्हटलं, बहिर्वक्र भिंग किरण पसरवतं. "हां, बरोबर," म्हणाले. मी म्हटलं, "अब्बा, हे चूक आहे. ते गोळा करतं. तुमच्या हातातल्या पानावर लिहिलंय."

त्यांनी पान बघितलं. बोट ठेवून हळूहळू वाचलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तू म्हणतेस तर बरोबरच असेल."

माझ्यावर एवढा जीव टाकणारा माणूस मला चूक कधीच दाखवणार नाही. तू दाखवली असतीस. दोरा दातानं तोडून म्हणाली असतीस, "इथं तर उलटं लिवलंय."

ते उठले. "जाऊन सांगू का तिला?" म्हणाले. मी रागातच होते. "तुमचं तुम्ही बघा," म्हटलं. पाऊस होता, ते न जेवताच गेले. जाताना त्यांच्या पाठीकडे बघून मला रडू आलं, पण मी हाक मारली नाही. परीक्षा दहा तारखेपासून आहे. मी इथं राहीन की नाही ते त्यावर ठरेल. तू लिही अगर लिहू नकोस, रोज एक धडा तुला लिहून काढणार आहे, पाठवणं जमलं तर पाठवीन.

आता 'प्रिय' लिहायला हरकत नाही, पण पत्र संपत आलं.

इकरा


लातूर, १८ ऑक्टोबर

प्रिय आरती,

तुझं पत्र आणि माझा निकाल एकाच दिवशी हातात पडले. आधी निकाल सांगते. बाहत्तर. काठावर, पण राहिले. पत्र्याच्या खोलीतच आहे अजून, दिवाळीनंतर बघू. उज्वलानं स्वतःहून विचारलं, "तू काय केलंस गं?" मी म्हटलं, पत्रं लिहिली. तिला वाटलं मी टिंगल करतेय.

मग तुझं पाकीट फोडलं. तू लिहिलेलं तुलाच परत लिहून दाखवते, कारण मी ते इतक्यांदा वाचलंय की पुस्तक मिटूनही येतं.

"इकरा, तुझी सगळी पत्रं मिळाली. अजीजचाचाला जबान दिली होती म्हनून लिवलं न्हाई. परवा ते सोता आमच्या दारात आले, आमचे आबा म्हनले या बसा, तर बसले न्हाईत. उभ्यानंच मला म्हनले, बेटी माझं चुकलं.

आता खरं सांगते. तू गेलीस तवा मला वाटलं, आपून आता नापासच होतो. सांगनारंच कोनी उरलं न्हाई. मंग तुझं उष्णतेचं पत्र आलं. ते मी आजीला सांगितलं, ती भाकऱ्या करून राहिली होती. आजी म्हनली, मंग येवढा जाळ जातो कुठं? तू व्याख्या लिवलीस, पन जाळ कुठं जातो ते लिवलंच न्हाईस. मला बी सांगता येईना. लई शरम वाटली. पुस्तक तीनदा बघितलं, मंग गुरुजींना विचारलं. पान्याचे कन एकमेकाला धरून असतात, ती धरपकड सोडवाया तो जाळ खर्च होतो. म्हनून पानी तापत न्हाई, वाफ होतं. आजीला सांगितलं, तर म्हनली, हां, आता पटलं. आजी एकडाव विचारून थांबत न्हाई. दुसऱ्या दिवशी परत विचारती, काल काय म्हनलीस?

तवापासून रोज आजीला सांगते. सहामाहीत मला एकोनऐंशी टक्के पडले. चाचांनी मार्काचा कागद उलटा करून मागून बी बघितला.

राग येऊ देऊ नको, पन एक बोलते. इतकी वर्सं तूच सांगायचीस आन् मी ऐकायची. सांगतो त्याला येतं, हे मला आता कळलं. तू मला कधी सांगू दिलंस का?"

आरती, मला राग आला. खोटं लिहिणार नाही. पत्र चुरगाळलं, मग परत सरळ केलं. एकोणऐंशी! माझ्यापेक्षा सात जास्त, आणि तेही भाकरीच्या तव्याशेजारी बसून. मी सगळ्या गावाला सांगत फिरायचे की मी आरतीला शिकवते. अब्बांना वाटायचं तू माझा वेळ खातेस. आणि खरं तर पाचवीपासून रोज दुपारी मीच तुझा वाटा खात होते. तू हात कामात घालून, मान खाली घालून मला हुशार करत होतीस आणि स्वतः पन्नासावर राहत होतीस. एकदाही म्हणाली नाहीस, 'आज मी सांगते.' म्हणाली असतीस तरी मी ऐकलं नसतं, हे तुला माहीत होतं.

मला वाईट वाटतं. मला हेवाही वाटतो. आणि तू मला हवी आहेस. तिन्ही एकदम वाटतंय, ह्याला पुस्तकात नाव नाही.

पण तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ती वाचून मी प्लायवूडच्या कप्प्यात डोकं खाली घालून बसले. "चाचा म्हनले, रविवारी दुपारी दुकानात येऊन बस, इकराचा फोन आला की तुझ्याच हातात देतो."

आरती, आठवड्यात त्यांना माझा आवाज तेवढाच ऐकायला मिळतो. अम्मी म्हणते, रविवारी ते जेवण आटोपून फोन समोर ठेवून बसतात, गिऱ्हाईक आलं तरी मशीनला हात लावत नाहीत. ती दहा मिनिटं त्यांनी तुला दिली. जिन्यावर त्यांना बोलले त्याची माफी मागायला आधीच्या रविवारी धीर झाला नाही, म्हणून मी हीच दहा मिनिटं राखून ठेवली होती.

रविवारी जा. धातुविज्ञान तू सांग. मी मधे बोलणार नाही, फक्त अडलं तर विचारीन. कळलं नाही तर परत विचारीन, पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारीन. तू आजीला सांगतेस तसंच मला सांग, घाई करू नकोस.

फक्त फोन स्पीकरवर ठेव. अब्बांना मशीनजवळ बसू दे, मी मधून मधून विचारीन ते त्यांना ऐकू येईल.

तुझी,
इकरा